शून्य आणि 'औसा' एकच? खुलासा

लातूर-नांदेडकडच्या पोरांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: पीएचपी या वेबसाइट बनवायच्या प्रोग्रॅमिंग भाषेत शून्याची 'औसा' या शब्दाशी == (दोन्ही सारखे आहेत का, हे तपासणारं चिन्ह) लावून तुलना केली तर उत्तर खरं येतं, म्हणून तालुक्यांच्या यादीला ही भाषा नकोच. हे जुनं झालं. आवृत्ती ७ पर्यंत शब्दाचा आकडा केला जायचा आणि 'औसा'चा शून्य निघायचा. २०२० च्या ८.० पासून शून्याचीच स्ट्रिंग (मजकूर) होते, उत्तर खोटं येतं. मात्र नल (null, म्हणजे काहीच किंमत नसणं) आणि शून्य आजही सारखेच ठरतात, म्हणून किमतीसोबत प्रकारही तपासणारं === वापरा.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. फॉर्ममध्ये सोयाबीनचा भाव देवनागरी अंकांत भरला, तर इंटव्हॅल (intval, मजकुराचा पूर्णांक करणारं पीएचपीचं फंक्शन) त्याचा सरळ शून्य करतं. आधी अंक इंग्रजीत बदलून घ्या, मगच हिशेब करा.