जर्मनच्या पातेल्यात लाकडी पाट का घातला? काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, उत्तराला दहा दिवस लागले त्याबद्दल सॉरी. खरं सांगायचं तर पहिल्या दोन दिवसांत लिहिलं असतं तर भांडणच झालं असतं, कारण तुमची प्रतिक्रिया मला चांगलीच झोंबली होती. मग गॅरेजमध्ये जाऊन होडीकडे बघत बसलो, तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टी खोलून तपासल्या, आणि आता शांतपणे लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी इथे मिनेसोटात एक १९८४ची १६ फुटी अॅल्युमिनियमची मासेमारीची होडी जुन्यात घेतली, तिचा कुजलेला फ्लोअर काढून नवा केला, पुढे उभं राहून गळ टाकायला छोटा डेक बांधला, आणि ते सगळं मागच्या पोस्टमध्ये लिहिलं. त्यावर रत्नागिरीचे एक काका, ज्यांचं अख्खं आयुष्य होड्या बांधण्यात आणि फायबर कोटिंगमध्ये गेलंय, ते म्हणाले की होडी जर्मनच्या पातेल्याची आणि आत पाट लाकडाचा, म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी कंपनीने केलेला गाढवपणा तू पदरचे पैसे घालून परत केलास. अॅल्युमिनियमची शीट टाकायची, नाहीतर निदान ट्रीटेड प्लाय तरी घ्यायचा. होडी तरंगावी म्हणून फ्लोअरखाली फोम कशाला भरलास, पोकळी मोकळी ठेवली असती तरी होडी तरंगलीच असती. मधलं बाकडं कापलं असतं तर जागा झाली असती. आमच्या रत्नागिरीत हे काम दोन दिवसांत केलं असतं. आणि स्टेनलेसचे स्क्रू थेट अॅल्युमिनियममध्ये मारलेस ते रडवणार.

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. परवा तीन स्क्रू काढायला गेलो. एक निघाला, दुसऱ्याचं डोकं फिरलं, तिसऱ्याभोवती पांढरी पावडर जमलेली, चुन्यासारखी. एका सीझनमध्ये! दोन वेगळे धातू, मध्ये ओल, म्हणजे छोटी बॅटरीच ती, आणि त्यात झिजणार बिचारं अॅल्युमिनियम. माझं नशीब एवढंच की स्क्रू छोटा आणि पत्रा मोठा, त्यामुळे झीज पसरून होते, आणि तळ्याचं पाणी गोडं, त्यातून करंट जेमतेम जातो. तुमच्या भाट्याच्या खाडीत असती तर दोन वर्षांत भोकंच पडली असती. आता सगळे स्क्रू काढून जिथे जमतं तिथे अॅल्युमिनियमचे रिव्हेट मारतोय, आणि जिथे झाकण उघडायचं म्हणून स्क्रूच लागतो तिथे नायलॉनचा वॉशर आणि आट्यांना टेफ्लॉनवाली पेस्ट. मागच्या पोस्टमध्ये मी ‘स्टेनलेस कुठेही चालतं’ असं छातीठोक लिहिलं होतं, ते वाक्य काढलंय.

पण ट्रीटेड प्लायचं नाही पटत काका, आणि हे जरा सविस्तर लिहितो कारण इथेच बहुतेक लोक फसतात. मीही फसणार होतो, दुकानात हिरवट रंगाचा प्लाय ट्रॉलीवर चढवला होता. ट्रीटेड म्हणजे नेमकं काय ट्रीट केलेलं? तर बुरशी आणि किडा लागू नये म्हणून त्यात बहुतेक वेळा तांब्याचे क्षार दाबून भरलेले असतात. अमेरिकेत २००३च्या अखेरपर्यंत घरगुती लाकडाला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण असायचं, ते आर्सेनिकमुळे बंद झालं आणि त्याजागी जी नवी केमिकलं आली त्यात तांबं उलट आणखी जास्त. आता असलं लाकूड ओलं झालं की तांबं सुटून खालच्या अॅल्युमिनियमवर जाऊन बसतं आणि तिथे टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडत जातात. कुठल्याही वायरमनला विचारा, अॅल्युमिनियमच्या केबलला तांब्याची तार थेट पिळून जोडतो का? मध्ये बायमेटॅलिक लग, म्हणजे दोन्ही धातूंचं जोडटोक, टाकतो ना? तेच हे. म्हणजे कुजलेला प्लाय बदलता येतो, पण ट्रीटेड प्लायने प्लाय शाबूत राहतो आणि होडीचा तळ जातो. तिकडे भारतात कोणी ७१० नंबरच्या भारतीय मानकाचा मरीन प्लाय (पाण्यातल्या कामाचा) वापरणार असेल तर त्यालाही केमिकल मारलेलं असतं, ते तांब्याचं आहे का हे दुकानदाराला विचारून घ्या, आणि दुकानदार ‘काही होत नाही साहेब’ म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

मी घेतला तो साधा एक्स्टिरिअर ग्रेडचा अर्धा इंची प्लाय. त्याचा आणि मरीन प्लायचा गोंद तसा एकाच जातीचा, उकळत्या पाण्याला न सुटणारा, फरक आतल्या थरांचा. मरीनमध्ये आत पोकळ्या नसतात, साध्यात असतात आणि पाणी तिथेच जाऊन घर करतं. म्हणून कापल्यावर कडेला दिसेल ती प्रत्येक पोकळी एपॉक्सीने (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) भरली, कडांना तीन हात एपॉक्सी, वरखाली दोन हात, आणि प्रत्येक स्क्रूच्या जागी आधी मोठं भोक पाडून ते एपॉक्सीने बुजवलं, वाळल्यावर त्यात बारीक भोक. म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. या एका कामात तीन वीकेंड गेले आणि बायकोने गॅरेजकडे येणं सोडलं.

शीटचा विचार मी केला नव्हता असं नाही. ८ बाय ४ ची ३ मिलीमीटरची अॅल्युमिनियम शीट साधारण २४ किलो भरते, आणि तेवढाच अर्धा इंची प्लाय वीस-बावीस किलो. म्हणजे वजनात फायदा शून्य, हे बघून मलाही आश्चर्य वाटलं. वजन कमी करायला २ मिलीमीटर घेतली तर दोन बरगड्यांच्या मध्ये पाय दिला की टिनाच्या डब्यासारखी डब-डब वाजते. शिवाय जुलैच्या उन्हात अनवाणी पोरं त्यावर उभी राहणार, ओली झाली की घसरणार. चांगली जाड चेकर्ड शीट, वेल्डिंगवाला ओळखीचा आणि खिशात पैसे असतील तर तुमचंच बरोबर, शीटच टाका. माझ्याकडे तिन्ही नव्हतं.

पण काका, मूळ मुद्दा वेगळाच आहे आणि तो मी मागच्या पोस्टमध्ये नीट मांडला नाही ही माझी चूक. जुना फ्लोअर लाकडाचा होता म्हणून कुजला नाही. तो कुजला कारण पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती.

फ्लोअर उचलला तेव्हा काय दिसलं ते सांगतो. फ्लोअरखाली तळापासून वरपर्यंत पिवळा फोम ओतलेला, ठासून, अगदी मधल्या कण्यापर्यंत. पावसाचं पाणी, माशांच्या बादलीचं पाणी, बुटांचं पाणी, सगळं कार्पेटमधून झिरपून खाली जायचं आणि मागच्या ड्रेन प्लगपर्यंत, म्हणजे पाणी काढायच्या भोकाच्या बुचापर्यंत, पोचायच्या आधीच फोममध्ये मुरायचं. वरून कार्पेट कायम ओलं, खालून फोम कायम ओला, मध्ये बिचारा प्लाय, सँडविचमधल्या टोमॅटोसारखा. त्यात इथला हिवाळा. जानेवारीत उणे पंचवीस, आणि पाण्याचा बर्फ झाला की आकार ९ टक्के वाढतो, म्हणजे फोमच्या बंद कप्प्यांत जेवढं पाणी शिरलंय ते दर वर्षी फुगून शेजारचे कप्पे फोडणार, पुढच्या उन्हाळ्यात तिथे अजून पाणी, पुढच्या हिवाळ्यात अजून बर्फ. चाळीस हिवाळे! कुदळीने आणि जुन्या करवतीने फोम काढला. कचऱ्याची एक काळी पिशवी भरून बाथरूमच्या काट्यावर ठेवली तर १९ किलो, जी कोरडी असती तर दोन किलोच्या आत भरली असती. अशा अकरा पिशव्या निघाल्या, सगळ्या एवढ्या जड नव्हत्या, पुढच्या बाजूच्या बऱ्यापैकी कोरड्या होत्या, पण आधीचा मालक ‘होडी हल्ली स्लो झालीये, मोटर बघून घ्या’ म्हणाला होता त्याचा अर्थ तिथे कळला. आणि त्या ओल्या फोमखाली पत्र्यावर पांढरे चट्टे, जर्मनच्या पातेल्यात रात्रभर आंबट आमटी राहिली की पडतात ना, तसे.

म्हणून तुम्ही म्हणता फोमच नको. इथे मात्र मी हटणार नाही. पोकळी तरंगवते ती पोकळी कोरडी असेपर्यंत. रिव्हेटची होडी, फ्लोअर स्क्रूचा, झाकणं उघडणारी, त्यात हवाबंद असं काय आहे? एकदा लाट आत आली की पाणी आत आणि हवा बाहेर, आणि ३५-४० किलोची मोटर मागे लटकलेली, ती घेऊन जाईल तळाला. एक घनफूट फोमचं स्वतःचं वजन एक किलोच्या आत आणि तो बुडाला की साधारण २७ किलो उचलून धरतो, मग होडीला भोक पडो की काही होवो. इथे २० फुटांखालच्या असल्या होड्यांना कायदाच आहे की पाण्याने भरली तरी तरंगलीच पाहिजे, आणि तीही सपाट, म्हणजे माणसांना तिला धरून राहता येईल अशी. मिनेसोटाचं पाणी मे महिन्यात इतकं गार असतं की पडलात तर काही मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. पोहता येणं न येणं हा प्रश्नच उरत नाही, होडी हाताशी आहे की नाही एवढंच.

फक्त फोम मी वेगळ्या पद्धतीने घातला. सगळा खाली घातला तर पाणी भरल्यावर होडी पालथी व्हायला बघते, कारण उचलणारी गोष्ट खाली आणि जड गोष्टी वर. म्हणून जमेल तेवढा वर, दोन्ही बाजूंच्या काठाखाली आणि मागे मोटरच्या दोन्ही अंगांना. फ्लोअरखाली थोडाच, तोही ओतलेला नाही, कापलेल्या पट्ट्या, तळापासून इंचभर उचललेल्या, आणि मधल्या कण्यावरून मागच्या प्लगपर्यंत सरळ मोकळं गटार. पुढे फोमचा गुलाबी बोर्ड वापरला, पण पेट्रोलच्या टाकीजवळ नाही, तो पॉलीस्टायरीनचा असतो आणि पेट्रोल लागलं की चहा होईपर्यंत त्याचा चिकट लोळा होतो. तिथे पॉलीयुरेथेन. कार्पेट कायमचं बंद, त्याऐवजी व्हिनाइल.

मधल्या बाकड्याबद्दल: ते कापू नका हो, कोणीच कापू नका! व्हिडिओत सगळे कापतात आणि मग छान सपाट डेक दाखवतात. ते बाकडं दोन्ही बाजूंच्या पत्र्याला धरून ठेवतं, घराच्या तुळईसारखं, आणि त्याच्या पोटातही फोम असतो. ते गेलं की लाटेवर बाजू आतबाहेर श्वास घ्यायला लागतात आणि मग एकेक रिव्हेट ढिला. माझा डेक म्हणूनच बाकड्याच्या उंचीलाच आहे, वर नाही. डेक आणि खालची अँगलची फ्रेम मिळून वीसेक किलो, आणि ते वजन मी आतल्या पाटीवर लिहिलेल्या क्षमतेतून वजा करतो. पाटीवर पाच माणसं लिहिलंय, आम्ही चारच बसतो.

रिव्हेटचं तुम्ही काही विचारलं नाही, पण तुम्हाला आवडेल म्हणून सांगतो. गळती शोधायला होडी ट्रेलरवर ठेवून आतच पाणी भरलं आणि खालून झोपून कुठून थेंब येतो तिथे खडूने खुणा केल्या. चार इंच पाणी म्हणजेसुद्धा चार-पाचशे लिटर, जवळजवळ अर्धा टन, त्यामुळे खाली जागोजागी ठोकळे लावले, नाहीतर ट्रेलर बसला असता. सतरा ठिकाणी गळत होतं. बाहेरून मी एअर हॅमर धरायचा आणि आतून बायकोने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, की रिव्हेट पुन्हा घट्ट बसतो. ही विद्या विमानांच्या कारखान्यातली, दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रुमनसारखी विमानं बनवणारी कंपनी अॅल्युमिनियमच्या कनू (वल्ह्यांच्या निमुळत्या होड्या) बनवायला लागली ती याच जोरावर. आमच्याकडे ती विद्या ‘आता?’ ‘थांब!’ ‘आता?’ ‘थांब म्हणलं ना!’ अशी झाली. बारा बसले, पाच बदलावे लागले. तुम्ही तिकडे फळ्यांच्या फटीत कापूस ठासता तसं इथे काही ठासता येत नाही, थेंब दिसला की त्या रिव्हेटपाशीच जावं लागतं.

‘तिकडे दोन दिवसांत केलं असतं’ हे मान्य. तुम्ही केलंच असतंत. मला चार महिने आणि साधारण १४०० डॉलर लागले, ज्यात एपॉक्सी आणि फोमनेच निम्मे खाल्ले.

आता शेवटचं, हसू नका. इथे नियम आहे की तळ्यातून होडी बाहेर काढली की ड्रेन प्लग काढूनच रस्त्यावर न्यायची, एका तळ्यातले झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. गेल्या शनिवारी तो प्लग परत लावायलाच विसरलो. रॅम्पवरून होडी पाण्यात सोडली, गाडी लावून आलो तर मुलगी म्हणते बाबा, मागे पाणी दिसतंय. पळत जाऊन परत ट्रेलरवर ओढली, आणि मागच्या भोकातून नळासारखी धार. दहा मिनिटांत गटार रिकामं, झाकण उघडून टॉर्च मारला तर पट्ट्यांच्या खाली ओल, पट्ट्या कोरड्या. ऑक्टोबरात होडी झाकून ठेवायच्या आधी मागच्या पट्टीचा एक तुकडा कापून काट्यावर ठेवणार आहे. जो आकडा येईल तो इथेच टाकतो, जास्त आला तरी.