भूमिका : समूह

एका मालिकेसाठी नट निवडणाऱ्या कास्टिंगच्या कोऑर्डिनेटरचा मेसेज आला : ‘फोटो तीन, लेफ्ट-राइट-फ्रंट. इंट्रो एक मिनिट. रेझ्युमे एक पान, पीडीएफ. आज सातच्या आत.’ फोटो होते. इंट्रो होता. रेझ्युमे नव्हता आणि लॅपटॉपने नेमकी त्याच दुपारी मान टाकली. म्हणून टिळक रोडच्या आसपासच्या एका गल्लीत झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात शिरलो. इथवर माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती नोव्हेंबर महिन्याबद्दल. नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींना आपण अजून जिवंत आहोत हे दरवर्षी लेखी कळवावं लागतं. हयातीचा दाखला. हल्ली तो फोनला चेहरा दाखवूनही होतो, पण पुण्यातल्या पेन्शनरांचा स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा झेरॉक्सवर जास्त विश्वास. त्यामुळे माझ्यामागे रांग होती आणि रांगेत सगळ्यात पुढे, म्हणजे थेट माझ्या मानेवर श्वास सोडत, ते काका होते. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पासबुक, आधार, पेन्शनचा कागद.

टाइप करणाऱ्या ताई म्हणाल्या, “बोला.”

मी हळू आवाजात नाव सांगितलं, उंची सांगितली.

“मोठ्यांदा बोल की,” मागून आवाज आला. “नट ना तू? शेवटच्या खुर्चीला ऐकू गेलं पाहिजे.”

दुकानात शेवटची खुर्ची नव्हतीच. एकच स्टूल होतं, त्यावर कागदाचे गठ्ठे. तरी मी आवाज चढवला आणि तिथेच माझा खासगी कागद सार्वजनिक झाला.

“प्लेइंग एज अठरा ते तीस,” मी म्हणालो.

“म्हणजे काय रे?” काका.

“म्हणजे किती वर्षांचा दिसू शकतो ते, काका.”

“आणि आहेस किती?”

“चोवीस.”

“मग चोवीस लिही. मी बँकेत जाऊन सांगू का, माझं वय साठ ते नव्वद म्हणून?” रांगेतले बाकीचे हयात लोक हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांनी अठरा ते तीस टाइप केलं, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

मग आला ‘अनुभव’.

नवख्या नटाच्या रेझ्युमेची पद्धत साधी असते : नाटकाचं नाव, भूमिका, दिग्दर्शक किंवा संस्था. तीन रकाने. पहिला आणि तिसरा भरायला काही वाटत नाही. सगळा जीव जातो तो मधल्या रकान्यात. मी सुरुवातच वजनदार केली. “पुरुषोत्तम करंडक,” म्हणालो.

कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेचं हे नाव पुण्यात मोठ्यांदा घेऊ नये. बाकी महाराष्ट्रात घ्या, तिथे लोक कौतुकाने बघतात. इथे मात्र दर तिसरा माणूस एक तर त्यात उतरलेला असतो, नाही तर भरत नाट्य मंदिराच्या बाल्कनीतून ‘अरे आव्वाज कुणाचा’ ओरडून घसा बसवून घेतलेला असतो. १९६३पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही स्पर्धा घेतंय, म्हणजे आजोबा आणि नातू दोघंही प्राथमिक फेरीत पडलेत अशी घराणी या शहरात असणार. आणि हे सगळे लोक पुढचा एकच प्रश्न विचारतात.

“प्राथमिक की अंतिम?” काकांनी विचारला.

पन्नासेक कॉलेजं उतरतात, अंतिम फेरीला नऊ जातात. उरलेल्या चाळीस-बेचाळीस संघांनी उन्हाळा-पावसाळा तालमी केल्या, कॉलेजच्या शिपायाशी भांडून रात्री अकरापर्यंत हॉल उघडा ठेवायला लावला, घरी खोटं बोलले, लेक्चरं बुडवली. त्या सगळ्यांचं उत्तर एका शब्दाचं. बरं, अंतिमला पोचलात म्हणून सुटका होते असंही नाही. २०२२ साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. त्या वर्षीच्या पोरांनी रेझ्युमेत काय लिहिलं असेल याचा मी बराच विचार केलाय.

“प्राथमिक,” मी म्हणालो.

“हं,” काका म्हणाले. तो ‘हं’ मला त्या दिवशी रात्रीपर्यंत पुरला.

“भूमिका?” ताईंनी विचारलं.

“समूह.”

ताईंनी टाइप केलं. भूमिका : समूह. मागे दोन क्षण शांतता. मग काका पुढे वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनकडे नीट पाहिलं आणि निखळ कुतूहलाने विचारलं, “एकटाच समूह होतास?”

आता यांना काय सांगायचं? एकांकिकेतला समूह म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. काळे कुर्ते घालून आम्ही चौदा जण पाऊण तास रंगमंचावर होतो. नायक-नायिका मधूनमधून विंगेत जाऊन पाणी पिऊन यायचे, आम्ही नाही. मी त्यात लोकल होतो, पूर होतो, भाजीबाजार होतो, कोर्टाची भिंत होतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत समाजाची सदसद्विवेकबुद्धी होतो. त्या बुद्धीने माझा गुडघा कायमचा दुखावला, कारण दिग्दर्शकाला ती कोसळताना हवी होती. नायकाने रेझ्युमेत ‘प्रमुख भूमिका’ लिहिलं की विषय संपला. तो सबंध एकांकिकेत एक माणूस होता फक्त!

“चौदा जण होतो, काका.”

“मग ‘चौदांतला एक’ असं लिहायला पाहिजे. नाही तर फसवणूक होते समोरच्याची.”

“चौदांतला एक लिहू?” ताईंनी विचारलं. बोटं कीबोर्डवर तयार.

“नको! समूहच राहू दे.”

पुढची नोंद गणपतीतल्या जिवंत देखाव्याची. पेठेतल्या एका मंडळात सलग दोन वर्षं मी व्यसनी मुलगा होतो. दहा दिवस, रोज संध्याकाळपासून बंदीची वेळ होईपर्यंत, वीस-वीस मिनिटांचे खेळ एकामागून एक. समोर रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नाही, पलीकडच्या मंडळाचा ढोल, मध्येच सर आली की स्टेजवर ताडपत्रीतून गळती, आणि मी आईच्या पाया पडून ‘पुन्हा दारूला शिवणार नाही’ म्हणतोय. बायका डोळे पुसायच्या. एका रात्री एक आजोबा स्टेजशी येऊन मला पन्नासची नोट देऊन गेले, ‘पिऊ नकोस रे’ म्हणाले. या घडीपर्यंत अभिनयातली माझी एवढीच कमाई आहे.

“आवाज रेकॉर्ड केलेला असतो ना त्याला?” काकांना तेही माहीत.

“हो, पण–”

“तुझा होता का आवाज?”

नव्हता. स्टुडिओत दुसऱ्याच एका कलाकाराने केला होता. ओठ तेवढे माझे.

“मग याला डबिंगखाली टाकू का?” ताई म्हणाल्या. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्या बाईंना मी सबंध वेळात चेष्टा करताना पाहिलं नाही, आणि तेच जास्त लागत होतं.

तिसरी नोंद, वाहतूक सुरक्षेचं पथनाट्य. भूमिका : हेल्मेट न घातलेला तरुण. काका म्हणाले, “पुण्यात याला अभिनय म्हणत नाहीत.” यावर मी काही बोललो नाही, कारण ते बरोबर होते. प्रयोगाच्या वेळी चौकातल्या गर्दीतल्या अर्ध्या लोकांना मी नाटकातला आहे हे कळलंच नव्हतं. एकाने तर मला बाजूला हो म्हणून हॉर्न दिला.

पानावर अजून जागा होती म्हणून शाळेच्या स्नेहसंमेलनात गेलो. प्रतापगडाचा प्रसंग, मी सय्यद बंडा. हे लिहू नये असं जाणकार सांगतात. शाळेतलं काही लिहिलं की पोरकट दिसतं म्हणे. पण ज्याच्याकडे बाकी काही नाही त्याने शाळेतलं लिहायचं नाही तर काय पाळण्यातलं लिहायचं?

“संवाद होते?” काका.

“नव्हते. पण मी वार करायला धावलो नसतो तर जिवा महालाला कामच उरलं नसतं.”

हे मात्र काकांना पटलं. एवढंच पटलं. आणि पटल्याच्या आनंदात त्यांनी पिशवी उघडली.

मला वाटलं पासबुक काढतायत. त्यांनी लॅमिनेट केलेलं एक प्रमाणपत्र काढलं. काका टपाल खात्यातून निवृत्त. आणीबाणी उठली त्या वर्षी खात्यातल्या कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत त्यांनी हवालदार केला होता. वाक्य एकच : ‘साहेब, गाडी तयार आहे.’ पण साहेब झालेले सॉर्टिंगमधले गृहस्थ ऐन वेळी पुढचं सगळं विसरले. प्रॉम्प्टरचा आवाज पोचेना. तेव्हा काकांनी पुन्हा सॅल्यूट ठोकला आणि म्हणाले, ‘साहेब, गाडी तयार आहे.’ तरी साहेबांना आठवेना. काका विंगेत गेले, परत आले, आणि आता जरा काळजीच्या सुरात, ‘साहेब... गाडी तयार आहे.’ लोकांना वाटलं गाडीत काहीतरी काळंबेरं आहे. टाळ्या पडल्या. अभिनयाचं उत्तेजनार्थ.

हे त्यांनी दुकानात करून दाखवलं. तिन्ही वेळा, तीन वेगवेगळ्या सुरांत, सॅल्यूटसकट. तिसऱ्या वेळी तर खरंच अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. आतल्या मशिनवरचा मुलगा हातातलं काम सोडून बाहेर आला. रांगेतल्या एका आजींनी “वा!” म्हटलं. माझ्या सहा वाजून वीस मिनिटांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“बँकेने मागितलंय का हे?” मी विचारलं. जरा खवचटपणेच.

“नाही मागितलं. पण कागद जवळ असावा.” मग माझ्याकडे रोखून, “तुझ्याकडे आहे का कागद? यातल्या एकाचा तरी?”

नाही. एकाचाही नाही. पुरुषोत्तमचा कॉलेजला मिळालेला कागद प्राचार्यांच्या केबिनमध्ये कुठल्याशा कपाटात. मंडळाने श्रीफळ दिलं, त्याची आईने बर्फी केली. पथनाट्याचं प्रमाणपत्र दिलं ते दिग्दर्शकाच्या नावाने.

आणि इथे माझी गंमत संपते. कारण प्रश्न काकांचा नाहीये. सगळीकडे हाच प्रश्न आहे. काम मागायला जा, अनुभव दाखवा. बरं, शिकायला जावं म्हटलं, तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नुसता अर्ज करायलाही पदवीच्या जोडीला किमान सहा नाटकांचा अनुभव लागतो. सहा नाटकं! हौशी माणसाने तालमीच्या जागेचं भाडं वर्गणीतून भरत, नोकरी सांभाळत सहा नाटकं उभी करायची, तीही ज्यात आपण ‘एकटे’ दिसू अशी. मग उरतात वर्कशॉपवाले. दोन दिवसांची कार्यशाळा, फी ऐकून घाम फुटेल, वर छापील प्रमाणपत्र. तो कागद रेझ्युमेत झोकात चालतो. दोन वर्षं पावसात पाया पडलो ते चालत नाही. कुणी म्हणेल, ही रडारड आहे. आहे. उन्हातान्हात पूर होऊन बघा एकदा.

“खूप मोकळं दिसतंय पान,” ताई म्हणाल्या. “फॉन्ट वाढवू?”

वाढवला. तरी खाली चार बोटं जागा राहिली. तिथे ‘विशेष कौशल्ये’ घालायची ठरली. मराठी, हिंदी, लाठी, पोहणं.

“घोडा?” काकांनी सुचवलं. “मालिकांमध्ये ऐतिहासिक फार चालतं.”

“माथेरानला बसलोय.”

“घोडेवाला लगाम धरून पुढे चालत होता?”

“...हो.”

“मग त्याला येतं ते.”

ताईंनी घोडा खोडला. एका पानाचे टायपिंगचे पैसे घेतले आणि वर ‘दुरुस्त्या’ म्हणून वेगळे. त्यातल्या निम्म्या दुरुस्त्या मागच्या रांगेने केल्या होत्या, पण ते बोलायची सोय नव्हती. निघताना काकांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “चेहरा बरा आहे तुझा. हवालदार शोभशील.”

सातला दहा कमी असताना पीडीएफ पाठवली. दोन निळ्या खुणा झाल्या. आठ वाजता उत्तर आलं. समूहाबद्दल काही नाही, सय्यद बंडाबद्दल नाही, फाइल उघडली होती की नाही देव जाणे. एकच शब्द : ‘फॉलोअर्स?’

मी खरा आकडा कळवला. तेव्हापासून तिकडे सामसूम आहे.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण काल आमच्या त्या एकांकिकेतल्या एकाचा फोन आला. चौदांतलाच, पुरात माझ्या डावीकडे असायचा, कायम एक मात्रा उशिरा. त्याच मालिकेसाठी तो शॉर्टलिस्ट झालाय. मी म्हटलं, तू अनुभवात काय लिहिलंस? तर म्हणे, “पुरुषोत्तम करंडक. भूमिका : समूहप्रमुख.”

समूहाला प्रमुख नव्हता! असलाच तर तो दिग्दर्शक होता आणि तो खाली बसून शिव्या घालत होता. मी हे सांगितलं. तो म्हणाला, “अरे, तिकडे कोण बघतंय?” आणि खरंच कोण बघतंय? हॉर्नवाल्याने नाही बघितलं, कोऑर्डिनेटरने नाही. इतक्या वर्षांत माझा मधला रकाना शब्दन्‌शब्द कुणी वाचला असेल तर त्या हयातीच्या दाखल्यावाल्या काकांनी, आणि त्यांच्या हातात एकही भूमिका नाही.

लूक टेस्ट मंगळवारी आहे म्हणे. त्याला साधा काळा कुर्ता घालून यायला सांगितलंय. त्याचा फाटलाय, म्हणून माझा मागत होता. इस्त्रीला दिलाय म्हणून सांगितलं.