थुंकीच्या नळीत गोत्र सापडत नाही

‘थुंकीच्या एका नमुन्यातून तुमचे गोत्र, मूळ गाव, रक्ताची शुद्धता, भावी संततीचे आरोग्य आणि जातीचा पुरावा, सर्व काही एका अहवालात; आता कुंडली विसरा,’ असा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या आत्याने तो खरा मानला आणि आतेबहिणीसाठी सांगून आलेल्या स्थळाकडून हा अहवाल मागवावा असे घरात सुचवले, म्हणून हा प्रतिवाद लिहिणे भाग पडले. एरवी असला मजकूर मी न वाचताच पुसून टाकतो.

प्रथम गोत्र. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जाते आणि गोत्रही पित्याकडूनच येते, एवढ्या साम्यावर हा डोलारा उभा आहे. परंतु दत्तक गेलेला मुलगा दत्तक पित्याचे गोत्र लावतो, विवाहित स्त्री पतीचे लावते आणि क्षत्रिय कुळांनी पुरोहिताचे गोत्र लावावे असे मिताक्षरा या धर्मशास्त्रावरील जुन्या ग्रंथातच सांगितले आहे. यांपैकी कोणत्याही प्रसंगी कोणाची गुणसूत्रे बदलत नाहीत. वाय गुणसूत्राच्या ज्या ‘आर1ए’ गटाला हा मजकूर ऋषिकुळाची खूण म्हणतो, तो ब्राह्मणांत, ब्राह्मणेतर जातींत, काही आदिवासी समूहांत आणि थेट पूर्व युरोपातही आढळतो. तेथील शेतकऱ्यांना कोणते गोत्र द्यायचे, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावे.

मूळ गावाचे तर विचारूच नका. दहा पिढ्या मागे गेल्यास वंशवृक्षात 1024 पूर्वजांच्या जागा होतात आणि वाय गुणसूत्र त्यांतील एकाच पुरुषाची वाट दाखवते. उरलेला अहवाल म्हणजे कंपनीकडे असलेल्या नमुन्यांशी केलेली तुलना असते. ते नमुने वाढले की त्याच थुंकीची टक्केवारी बदलते. नाशिकच्या पंचवटीतील तीर्थोपाध्याय यात्रेकरूंच्या घराण्यांची नोंद असलेली वही उघडण्यापूर्वी आडनाव आणि गाव आपल्यालाच विचारतात, आणि मग त्या लांबट पानांवर पणजोबांची मोडीतील सही दाखवतात. त्या वहीत बायकांची नावे क्वचितच सापडतात ही तिची उणीव खरी, तरी गाव शोधायला ती या अहवालापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. जवळचे रक्ताचे नाते मात्र डीएनए चाचणी उत्तम ओळखते, हे मान्य करावे लागेल.

सर्वांत घातक मुद्दा संततीच्या आरोग्याचा आहे. ‘वधूवरांचे वंश वेगळे निघाले की मुले निरोगी होणार,’ असे मजकूर बेधडक सांगतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा दोष आफ्रिकेतही आहे आणि भारतातही, त्यामुळे वंशाच्या टक्केवारीत काडीचेही साम्य नसलेले दोघे वाहक, म्हणजे एक सदोष जनुक बाळगणारे, असू शकतात. आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक स्वतः सहसा धडधाकट दिसतो, म्हणूनच रक्त तपासावे लागते. आपल्या नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यात आरोग्य कर्मचारी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी करतात आणि संशय आल्यास नमुना इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासण्यांसाठी पुढे पाठवतात. थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचे वाहकही एचपीएलसीवर बहुधा कळतात. हजारो रुपयांचा रंगीत अहवाल हाती आल्यावर ही साधी रक्ततपासणी कोण करून घेणार? नुकसान नेमके तेथे आहे.

आरोग्याच्या या दाव्यातील अर्धसत्यही सांगतो, नाइलाजाने. 2017 मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील 260 हून अधिक समूह तपासले गेले. त्यांपैकी 81 समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले की त्याबाबतीत त्यांनी अशा समूहाचे नेहमीचे उदाहरण असलेल्या फिनलंडच्या लोकांनाही मागे टाकले. पिढ्यान्पिढ्या जातीतच लग्ने झाल्यामुळे अशा समूहांत काही आनुवंशिक आजार साचतात. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजातील काहींच्या शरीरात भूल देताना वापरलेल्या, स्नायू शिथिल करणाऱ्या एका औषधाचे लवकर विघटन होत नाही आणि शस्त्रक्रियेनंतर श्वास परत यायला धोकादायक उशीर होऊ शकतो, हे त्याचे ठळक उदाहरण. परंतु ही माहिती समूहाच्या संशोधनातून मिळाली; तिचा उपयोग करण्यासाठी डॉक्टरांनी रुग्णाला त्याचा समाज विचारणे पुरते, वंशाच्या टक्केवारीचे कोष्टक लागत नाही.

शुद्धतेविषयी एवढेच, की भारतातील जवळजवळ सर्व समूह सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले, असे 2013 च्या संशोधनात दिसून आले आहे.

जातीच्या पुराव्याबाबत पडताळणी समिती कागद पाहते: इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची आणि अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची नोंद, मग ती शाळेच्या दाखल्यावरची असो वा कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीतली. डीएनए अहवालासाठी त्या फायलीत जागा नाही.

‘माहिती फक्त तुमच्याकडेच राहील,’ हे शेवटचे आश्वासन. या व्यवसायातील अग्रगण्य अमेरिकन कंपनी ट्वेंटीथ्री अँड मीकडून 2023 मध्ये सुमारे 69 लाख ग्राहकांची माहिती फुटली आणि मार्च 2025 मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, गुणसूत्रे बदलता येत नाहीत, आणि ती आपल्या भावंडांची व मुलांचीही माहिती उघड करतात. ज्या मुलाचे लग्नही अजून ठरलेले नाही, त्याच्याकडे ही मागणी करण्याचा अधिकार आत्याला कोणी दिला, हे मी तिला विचारले आहे.