रात्री दीडचा इशारा पावणेसातला का वाजला

दादा, तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. लगेच उत्तरही लिहिलं होतं, पण ते रागाच्या भरात लिहिलेलं, सकाळी खोडून टाकलं.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. ॲपची कामं मागच्या मागे उरकणाऱ्या अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरवरचा माझा लेख वाचून तुम्ही परभणीकडच्या शेतकऱ्यांसाठी ॲप केलं. थ्री फेज लाइट यायच्या वेळी मोबाइल वाजावा, एवढंच त्याचं काम. दीडच्या पाळीचा इशारा पावणेसातला वाजला, पाच तासांचं पाणी गेलं आणि बोलणी तुम्ही खाल्ली. "शहरात बसून लेख लिहिणं सोपं असतं," असंही तुम्ही सुनावलंय.

आधी माझी चूक. "काम खात्रीनं होतं" असं मी लिहिलं, ते खोटं नाही. पण कधी होतं, ते लिहिलंच नाही. वर्कमॅनेजर काम विसरत नाही, फोन बंद करून पुन्हा चालू केला तरी. वेळेची हमी मात्र त्यानं कधीच दिलेली नाही. १५ मिनिटं ही पुन्हापुन्हा करायच्या कामाच्या दोन फेऱ्यांमधली कमीत कमी मुदत. जास्त कितीही लागू शकते. हे लेखात ठळक असायला हवं होतं. आज घातलंय.

आता तुमचा कोड. वर्कर, म्हणजे वर्कमॅनेजरला सोपवलेलं काम, दर १५ मिनिटांनी उठतो, घड्याळ बघतो आणि पाळीची वेळ झाली असेल तर आवाज करतो. वर त्याला नेटची अट. शेतातल्या आखाड्यावर रेंज असते कुठं, राव? आणि घड्याळ बघायला नेट कशाला लागतं? पण खरा घोळ डोझचा, म्हणजे बॅटरी वाचवायला फोन घेतो त्या झोपेचा, आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, चार्जरला नसलेला फोन स्क्रीन बंद ठेवून हलवाहलव न होता पडून राहिला की डोझमध्ये जातो. मग तुंबलेली कामं अधूनमधून थोडा वेळ उघडणाऱ्या खिडकीतच होतात. मी लातूरला बसतो, इथं हे समजावून सांगावं लागत नाही: नळ आला की घरातली सगळी भांडी एकदम भरून घ्यायची, गेला की वाट बघायची. फरक इतकाच की फोन जितका जास्त वेळ पडून राहील, तितकं या नळाचं अंतर वाढत जातं. शेतकऱ्यानं सकाळी बाजेवरचा फोन उचलला, तेव्हा तुमचा वर्कर मोकळा झाला.

"माझ्या टेबलावर आठवडाभर बरोबर चाललं," असं तुम्ही म्हणता. चालणारच! टेबलावर फोनला केबल होती आणि चार्जिंगवर डोझ लागत नाही. तपासायचंच तर संगणकावरून आधी ‘एडीबी शेल डंपसिस बॅटरी अनप्लग’ आणि मग ‘एडीबी शेल डंपसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’ चालवून बघा.

उपाय म्हणजे काम दोघांत वाटून द्यायचं. आठवड्याचं वेळापत्रक उतरवणं वर्कमॅनेजरकडे राहू द्या, नेटच्या अटीसकट; ते सकाळी आलं काय नि संध्याकाळी आलं काय, बिघडत नाही. ते फोनमध्येच साठवा आणि त्यावरून अलार्ममॅनेजर या अँड्रॉइडच्या गजराच्या सोयीतल्या सेटअलार्मक्लॉकनं गजर लावा. त्याच्यासाठी फोन डोझमधून आधीच बाहेर येतो. मात्र अँड्रॉइड १२ पासून अशा अचूक गजराला परवानगी लागते, आणि १४ वर नव्यानं टाकलेल्या ॲपला ती सहसा आपोआप मिळत नाही, मागावी लागते. फोन बंद-चालू झाला की गजर पुसले जातात, तेही पुन्हा लावायला विसरू नका.

फोरग्राउंड सर्व्हिस, म्हणजे सूचना दाखवत ॲप सतत जागं ठेवणारी सोय, अखंड चालू ठेवायची तुमची सूचना मात्र मला पटत नाही. रात्रीतून एकदा वाजायचं, त्यासाठी चोवीस तास बॅटरी जाळायची? तीही जिथं फोन चार्ज करायलाच लाइटची वाट बघावी लागते तिथं?

एका ठिकाणी तुमचा वैताग शंभर टक्के खरा आहे. काही फोनमध्ये अलीकडच्या ॲपच्या यादीतून ॲप उडवलं की ते सक्तीनं बंद केल्यासारखंच होतं. गजर जातात, कामं अडकून पडतात, आणि ॲप पुन्हा उघडेपर्यंत काहीच हलत नाही. आमचे वडील दर तासाला फोन असा "साफ" करतात. त्यांना कोडनं थांबवता येत नाही. ॲपला आपोआप चालू होऊ देणारी ऑटोस्टार्टची सेटिंग मी हातात फोन घेऊन चालू करून दिली आणि ॲप उडवायचं नाही, हे तीनदा सांगितलं. दोनदा सांगून भागलं नव्हतं.

गजराची ठरलेली वेळ आणि तो प्रत्यक्षात वाजल्याची वेळ, दोन्ही फोनमध्ये नोंदवत जा. पुढच्या रात्रपाळीनंतर त्या नोंदी इथंच टाका. तरीही पावणेसात निघाले, तर तुमच्या शिव्या मला मान्य.