त्या वर्गाचं कुलूप काढा

आज भाचीला माझी जुनी शाळा दाखवायला नेलं होतं. पेठेतली, वाड्यातली शाळा. दिंडी दरवाजाच्या वरचा आमचा चित्रकलेचा वर्ग दुरुस्त झाला, 'मुलांसाठी सर्जनशील दालन' झालं, असं ग्रुपवर वाचल्यापासून कधी एकदा बघते असं झालं होतं.

दाराला कुलूप. वॉचमनकाका म्हणाले, "ताई, कार्यक्रम असला की उघडतो." भाचीने नव्या काचेला दोन्ही तळवे टेकवून आत बघितलं, तर काका म्हणाले, "बाळ, हात नको लावूस, आत्ताच पुसलीय." त्यांचा काही दोष नाही, त्यांना तसंच सांगितलेलं आहे. पण मी तेव्हापासून धुमसतेय.

काम मात्र फार सुंदर झालंय, हे आधी लिहिते. सुरूचे खांब, म्हणजे सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब, घासून वर काढलेत, कडीपाटाचं, म्हणजे लाकडी तुळया आणि फळ्यांचं छत नीट केलंय. भिंतींवरचं सिमेंट खरवडून परत चुन्याचा गिलावा दिलाय. जुन्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. चुन्यातून ती बाहेर पडते. चुना मळायची दगडी घाणी, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हे सगळं जाणणारे कारागीर आता किती उरलेत? त्यांनी जीव ओतलाय. म्हणूनच जास्त राग येतो. एवढं केलंत ते कुलूप लावायला?

आम्ही सातवीत असताना तो वर्ग गळायचा. एका जुलैत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीचा तास होता आणि धार थेट बाकावर पडायला लागली. बाईंनी शिपाईमामांकडून पत्र्याची बादली मागवली, धारेखाली ठेवली आणि म्हणाल्या, "फुलदाणी राहू दे आज. हे पाणी काढा." पाणी कसं काढायचं? कुणी रेघा मारल्या, कुणी नुसती वर्तुळं. मी काळा खडू आडवा धरून अख्खा कागद काळा केला आणि खोडरबराने त्यात थेंब पुसून काढले. बाईंनी तो कागद कोनाड्यात उभा करून ठेवला. वर्षभर तो तिथे होता. मला आयुष्यात पुढे बरीच बक्षिसं मिळाली, पण तो कोनाडा काही सुटत नाही.

त्याच कोनाड्यात आज पितळी समई आहे. विजेची.

पुण्यात वाड्यांमधून शिक्षण झालंय हो. विश्रामबागवाड्यात 1821 साली पाठशाळा सुरू झाली, तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. भिडे वाड्यात 1848 मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्या वाड्याची आपण कित्येक वर्षं पडझड होऊ दिली आणि 2023 च्या डिसेंबरात तो पाडला. स्मारक होईल, व्हायलाच हवं. पण ज्या खोल्यांत मुली पाटीवर अक्षरं गिरवायच्या, त्या आता कोणी परत आणू शकणार नाही. आपल्या शाळेची खोली तर शाबूत आहे! मुलंही खालीच आहेत, एक जिना उतरून, पत्र्याच्या शेडमध्ये चित्रकलेचा तास करतायत. मी बघून आले.

मुलं रंग सांडतील, खांबांवर नावं कोरतील, हे मान्य. आम्हीही कोरली होती. मग खाली सतरंजी घाला, खांबांना कमरेपर्यंत कापड गुंडाळा, एका वेळी वीसच मुलं न्या. पण न्या.

संध्याकाळी बाईंना फोन केला. ऐंशीच्या पुढे आहेत आता. चिडून सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "आणि उजेड? उत्तरेची खिडकी उघडी ठेवलीय ना?" मला एकदम रडू आलं. मी कुलपाबद्दल बोलत होते आणि त्या मुलांच्या कागदावर उजेड कुठून येईल याचा विचार करत होत्या.

खिडकी आहे, बाई. बंद आहे.

सोमवारी मी विश्वस्तांना पत्र देणार आहे. आठवड्यातून निदान चार दिवस तिथे तास व्हावेत, एवढंच मागणं आहे. आपल्या बॅचमधल्या ज्यांना सही करायची आहे, त्यांनी साडेदहाला दिंडी दरवाजापाशी या. बाई येणार आहेत, त्यांना जिना चढायला दोघंजण लागतील.