ज्वारी हवी तेवढी, गूळ अमृत आणि गोळ्या बंद?

"गहू-तांदूळ सोडा, ज्वारीची भाकरी हवी तेवढी खा. साखर विष, गूळ अमृत. सकाळी अनशापोटी कारल्याचा रस. शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते, बंद करा. कंपन्यांनी नॉर्मलचा आकडा खाली आणून धडधाकट माणसांना पेशंट केलं. एकवीस दिवसांत मधुमेह मुळासकट जातो."

थोड्याफार फरकाने हा मजकूर बहुतेक फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. त्यातलं सगळंच खोटं असतं तर सोपं होतं. अर्ध्या खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून एक जीवघेणा सल्ला घरात शिरतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"ज्वारीची भाकरी हवी तेवढी खा"

ज्वारी चांगलीच. चोथा आहे, पोट भरल्यासारखं वाटतं. गोची आहे ती "हवी तेवढी" या दोन शब्दांत. ज्वारी, बाजरी, नाचणी, गहू, कोणतंही पीठ घ्या, १०० ग्रॅममध्ये साधारण ६० ते ७३ ग्रॅम कर्बोदकं असतात. पांढऱ्या तांदळात ७८च्या आसपास. फरक आहे, पण विष आणि अमृत म्हणावं इतका नाही.

आता स्वयंपाकघरातला काटा काढा. एका फुलक्याला २५ ग्रॅम पीठ लागतं असं धरू. हातावर थापलेल्या बऱ्यापैकी भाकरीला ७० ग्रॅम सहज लागतं. म्हणजे एक भाकरी ही जवळजवळ तीन फुलक्यांच्या बरोबरीची. "मी पोळी पूर्ण सोडली हो, फक्त दोन भाकऱ्या खाते" असं कौतुकाने सांगणाऱ्या मावशी जेवणात पाच-सहा फुलक्यांएवढं पीठ खात असतात आणि शुगर का उतरत नाही याचं त्यांना नवल वाटत असतं.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 'इंडिऍब' या देशभरच्या मधुमेह पाहणीतला आहाराचा भाग २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयांच्या एकूण उष्मांकांपैकी सरासरी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, असं त्यात दिसलं. भात-मैद्याच्या जागी गव्हाचं किंवा भरडधान्याचं पीठ आणून कर्बोदकांचा एकूण वाटा तेवढाच ठेवला, तर मधुमेहाचा धोका कमी होताना दिसला नाही. त्यातले थोडे उष्मांक डाळी-कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांच्याकडे वळवले, तर तो कमी दिसला. फॉरवर्ड धान्य बदलायला सांगतो. बदलायला हवं ते ताट.

मराठी ताटात ही सोय मुळातच आहे. एक भाकरी, वाटीभर घट्ट मटकीची उसळ किंवा पिठलं, भरपूर पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, ताक. मांसाहारी घरात बांगडा किंवा अंड्याची बुर्जी. घात होतो तो इतर वेळी. सकाळी बटाटा घातलेले पोहे, दुपारी पाण्यासारखं वरण आणि भाताचा डोंगर, चारला चहाबरोबर खारी. आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात पुन्हा बटाटा. मधुमेह्याच्या दृष्टीने त्याला उपास का म्हणायचं हे मला कधी कळलेलं नाही. फॉरवर्डमध्ये यातल्या एकाचाही उल्लेख नसतो.

"साखर विष, गूळ अमृत"

गुळात बहुतांश साखरच असते. लोह आणि इतर खनिजं साखरेपेक्षा जास्त असतात हे खरं, पण त्यांचा उपयोग होईल इतका गूळ मधुमेह्याने खायचा म्हटलं तर आधी शुगर कुठे जाईल याचा विचार करा. मधाचं तेच. चहात साखरेऐवजी गूळ घातला, तर चहाचा रंग बदलतो.

"कारल्याचा रस"

कारल्याची भाजी खुशाल खा. पण मधुमेहावर कारल्याचा उपयोग होतो का, हे तपासणाऱ्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये घेतला, तेव्हा त्याला औषध म्हणण्याइतका पुरावा सापडला नाही. मेथीदाण्याचं पारडं जरा जड आहे. त्यातल्या चोथ्यामुळे जेवणानंतरची शुगर थोडी कमी चढते. थोडी. गोळीची जागा घेण्याइतकी नव्हे.

"कंपन्यांनी आकडा खाली आणला"

आकडा खाली आला हे खरं आहे. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने उपाशीपोटीच्या शुगरची निदानरेषा १४० वरून १२६ केली आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली. १२६ ते १३९ मधले लोक त्यामुळे नव्याने मधुमेही ठरले. पण रेषा खाली आणण्यामागचं एक मोठं कारण डोळ्यात होतं. मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा १४०च्या बरीच आधीपासून वाढू लागते, असं मोठ्या पाहण्यांत दिसलं होतं. शिवाय ज्या काकांची उपाशीपोटी शुगर २१० येते, ते जुन्या रेषेनेही मधुमेहीच होते. या मुद्द्याचा आधार बहुधा असेच काका घेतात.

"मी तर काडी पैलवान, मला कसा होईल?" हेही याच मजकुराच्या काही आवृत्त्यांत असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आपलाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. वजनाचा काटा आपल्या बाबतीत अर्धंच सांगतो.

"गोळ्यांनी किडनी जाते, बंद करा"

खरी भीती या ओळीची आहे. वर्षानुवर्षं चढलेली शुगर किडनी खराब करते. किडनी खूपच कमजोर झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) कमी करतात किंवा थांबवतात, कारण मग ते शरीरात साठू लागतं. गोळी आधी चालू होती, नंतर किडनीचा रिपोर्ट बिघडला, तेव्हा गोळीनेच बिघडवली, अशी समजूत होते. मेटफॉर्मिनचा खरा दुष्परिणाम वेगळाच आहे. दीर्घकाळ घेतल्यावर बी१२ कमी होऊ शकतं, आणि शाकाहारी घरांत ते आधीच काठावर असतं. मुंग्या येत असतील तर ते तपासून घ्या. फॉरवर्डमध्ये हे नसतं.

ग्लिमेपिराइडसारख्या, शरीरातलं इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर असताना अचानक जेवण निम्मं केलं, तर शुगर ७०च्या खाली उतरून घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. म्हणजे आहार बदलताना औषधाचा डोस बदलावा लागतो हे खरंच, पण तो डॉक्टरांनी, मोजून. आणि टाइप १ मधुमेह (यात शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) असलेल्या मुलाचं इन्सुलिन कुणी रसाच्या भरवशावर थांबवलं, तर काही दिवसांतच कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठणं) होऊन मूल दगावू शकतं. मजकुरात टाइप १ आणि टाइप २ (सहसा मोठेपणी होणारा) असा भेदच नसतो.

"एकवीस दिवसांत मुळासकट"

ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत सहा वर्षांच्या आतला टाइप २ मधुमेह असलेल्या, वजन जास्त असलेल्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० उष्मांकांवर ठेवलं, तेही वैद्यकीय देखरेखीखाली. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोकांची शुगर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. दोन वर्षांनी ३६ टक्के. वजन परत चढलं की शुगरही परत येते. याला डॉक्टर रेमिशन म्हणतात, आणि तपासण्या चालूच ठेवतात. एवढी मेहनत करून निम्म्याहून कमी लोकांना जे मिळालं, ते एकवीस दिवसांत हवी तेवढी भाकरी खाऊन मिळेल, असं हा मजकूर म्हणतो.

तरीही पटत नसेल, तर ग्लुकोमीटर घ्या. गोळ्या नेहमीप्रमाणे चालू ठेवून एक दिवस नेहमीच्या भाजीबरोबर दोन भाकऱ्या खा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी एक भाकरी आणि दुप्पट उसळ. दोन्ही दिवशी जेवायच्या आधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी शुगर तपासा. आकडे तारीख घालून वहीत लिहा आणि पुढच्या व्हिजिटला एचबीएवनसीच्या (तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टबरोबर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा.