‘गरज नसलेले अर्थिंग गळ्यात मारले’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

दोन तारे दिलेत, वाचले. बुधवारी व्हायचे काम शनिवारवर गेले आणि ऐन पाणी लावायच्या दिवसांत मोटर बंद राहिली, त्याबद्दल दिलगीर आहोत. दिवाळीनंतर पोफळीचे पाणी चुकले तर काय होते, हे सत्तरी तालुक्यात दुकान चालवणाऱ्याला कोणी सांगायला नको.

पण ‘स्टार्टर बदलायला बोलावले, तर गरज नसलेले अर्थिंग आणि आरसीसीबी गळ्यात मारून 14,800 चे बिल केले, वर मोटर दिवसातून दोनदा बंद पडते’ हे जे लिहिलेत, त्यावर गप्प बसवत नाही. (आरसीसीबी म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की लगेच पडून लाइन तोडणारा स्विच.) इथे चार गिऱ्हाइके वाचतात आणि आमचे पोट त्यांच्यावर आहे.

तुमच्या 5 एचपी मोटरची अर्थची तार डिलिव्हरी पाइपाला क्लॅम्पने बांधलेली होती. पाइप लोखंडी होता तोवर चालून गेले. मग तो काढून काळा एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा, घातला गेला आणि तार वरच्या फूटभर लोखंडी तुकड्यावर तशीच राहिली. म्हणजे अर्थ जमिनीपर्यंत पोचतच नव्हती. बाजूला एक सळी ठोकलेली होती, तिचे रीडिंग, म्हणजे जमिनीत वीज जायला होणारा विरोध, 48 ओहम आले; हा आकडा जितका कमी तितके चांगले. फेजच्या 230 व्होल्टला 48 ने भागा, पाच अँपिअरही होत नाहीत. तुमची मोटर फुल लोडवर स्वतःच सात-साडेसात घेते. म्हणजे उद्या वाइंडिंग (मोटरच्या आतली तारेची गुंडाळी) बॉडीला लागले तर त्या सळीच्या भरवशावर 16 अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) जागचा हलणार नाही, ओव्हरलोड रिलेला (मोटरवर जास्त भार आला की ती बंद करणाऱ्याला) पत्ता लागणार नाही आणि मोटरच्या अंगावर जवळजवळ पूर्ण फेज बसून राहील. व्हॉल्व्ह फिरवायला माणूस जातो तो ओल्या पायांनी. ‘जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली वीस वर्षे काही झाले नाही’ असे तुम्ही लिहिलेत. वीस वर्षे वाइंडिंग धड होते, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून अडीच मीटरचे दोन 40 मिमी जीआय पाइप घातले, एकमेकांपासून तीन मीटरवर, त्यातला एक पाटाच्या कडेला, ओल राहते तिथे. दिवस गेले ते इथे. चार फुटांवर चिरा (जांभा दगड) लागला, दगड फोडायचा ब्रेकर आणावा लागला. चिरा लागला की पाइप निम्म्यावर कापून वरून मीठ-कोळसा टाकून झाकणारे पुष्कळ आहेत, वरून दोन्ही सारखेच दिसते. आमचे रीडिंग शेवटी 6 ओहम आले, ते टेस्ट रिपोर्टवर आहे.

मग आरसीसीबी कशाला? 6 ओहमवरसुद्धा 38 अँपिअरच वाहतात. 16 चा एमसीबी तेवढ्यावर तत्काळ पडत नाही, वेळ घेतो. आणि मे महिन्यात माती सुकली की रीडिंग आणखी वर चढते. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी तेवढा वेळ लावत नाही. माणूस वाचतो तो तिच्यामुळे.

आता ‘दोनदा पडते’. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. स्टार्टरच्या झाकणाखालून एक लाल वायर बाहेर आली आहे. तिच्या जोडीची हिरवी वायर अर्थच्या पट्टीच्या बोल्टला पिळलेली आहे, आणि दोन्ही गोठ्याकडे गेल्या आहेत. हे काम आमचे नाही. पंपघरातला दिवा आम्ही फेज-न्यूट्रलवर देऊन गेलो होतो. गोठ्यातला मात्र फेज आणि अर्थवर पेटतो. 60 वॅटचा बल्ब असेल तर सुमारे 260 मिलिअँपिअर सरळ जमिनीत जातात, 30 वर पडणारी वस्तू ते कसे सोडील? पहाटे दूध काढताना एकदा, संध्याकाळी एकदा, झाले दोनदा. शिवाय तो बोल्ट सैल झाला की बल्बातून आलेला फेज मोटरच्या बॉडीवर येऊ शकतो, तो धोका वेगळाच.

कुंपणाबद्दल फोनवर आपले जे बोलणे झाले ते इथे उघड करत नाही. सर्वांसाठी एवढेच सांगतो, की रानडुकरांसाठी तारेत सरळ लाइन सोडून द्यायला आमचा कोणीही माणूस कितीही पैशांना तयार होणार नाही. बॅटरीवरची झटका मशीन थांबून थांबून ठोका देते आणि तिचे अर्थिंग वेगळे असते. ती हवी तर मागवून देऊ.

14,800 मध्ये स्टार्टर, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (तीनपैकी एक फेज गेली की मोटर बंद करणारा), चार पोलची आरसीसीबी, दोन खड्डे, ब्रेकरचे भाडे आणि मजुरी आली. ओव्हरलोड रिले कोणीतरी 10 वर नेऊन ठेवला होता तो साडेसातवर आणला, त्याचे काही लावले नाही. यापुढे खड्ड्यांचा खर्च आधी कागदावर देऊ आणि उशीर होणार असेल तर कळवायचेही बघू.

मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, वायरमनकडून गोठ्याची ती जोडी सोडवून घ्या. त्यानंतरही आरसीसीबी पडली तर बोलवा, तपासणीचे पैसे घेणार नाही. गोठ्यापर्यंत न्यूट्रल ओढून द्यायचा असेल तर त्याचे मात्र पडतील. आणि आरसीसीबी बायपास करून देतो असे कोणी म्हणत असेल तर त्याच्याकडून ते लेखी घ्या, कारण टेस्ट रिपोर्टवर सही आणि लायसन्स नंबर आमचा आहे.

— दुकानमालक, वाळपई